टॅक्सीचे काळीज

आमच्या मोटारीत बसायला येणारा माणूस प्रथम दाराशीच अडतो. दाराला बाहेरून मूठ नाही. तो बिचारा वर पाहतो, खाली पाहतो, पत्र्यावरून हात फिरवतो आणि शेवटी माझ्याकडे पाहून कसनुसा हसतो. मग मी त्याच्या अंगावरून हात आत घालून आतली दोरी ओढतो, आणि दार उघडते. काचा वरखाली करायचा प्रश्न नाही, कारण दाराला काचाच नाहीत. पायाखाली पत्रा नसून प्लायवुडच्या फळ्या आहेत. बॅटरी एक नाही. सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत, आणि त्या बैठकीमागे अशा अडचणीच्या जागी बसवल्या आहेत की पाणी घालताना योगासनांचा सराव असावा लागतो.

ही १९५७ सालची एमजीए. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात झालेली, दोन माणसांची, तांबड्या रंगाची, बिनटपाची मोटार. हा नमुना १९५५ साली बाहेर पडला, आणि त्याच वर्षी ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याच्या घडणीच्या तीन गाड्या उतरल्या होत्या. त्यांतली एक कोसळली. दोघी बाराव्या आणि सतराव्या आल्या. आज ऐकताना हे फारसे वाटत नाही. खरे सांगायचे तर शेजारच्या सोसायटीतली दुधाच्या पिशव्या आणायला जाणारी मोटारसुद्धा आज माझ्या गाडीला मागे टाकील. पण बहात्तर अश्वशक्ती आणि जेमतेम नऊशे किलो वजन एवढ्या भांडवलावर त्या काळी ही ताशी दीडशे किलोमीटरच्या वर पळत होती, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून ऐंशीने जाणे म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचे नाही.

मोटार मूळची माझी नव्हे, मामांची. मुंबईतल्या एका कंपनीचा साहेब १९६१ साली मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. मामा साखर कारखान्यात इंजिनिअर. मामींच्या म्हणण्याप्रमाणे त्या पैशात तेव्हा पुण्यात जागा झाली असती. २००८ साली मामांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकच अट घातली.

“पुसूनपासून ठेवायची असेल तर नेऊ नकोस. चालवणार असशील तर ने.”

चालवणार होतोच. पण नुसते चालवून समाधान मानील तो हौशी कसला! तीन वर्षे मी तिला फक्त जागेवर आणली. पेट्रोलचा विजेचा पंप मध्येच बंद पडे. मग उतरून त्यावर पान्याचा एक हलकासा टोला द्यायचा, की पुन्हा टकटक सुरू. त्याच्या आतले पॉइंट जळतात, हे त्यामागचे साधे कारण. तारांच्या चाकांची मधली पंखाची चाकी सैल करायला तांब्याच्या डोक्याचा हातोडा लागतो. पोलादी हातोडा मारला की कान उडालेच म्हणून समजा. हे सगळे शिकून झाले आणि मग माझ्या डोक्यात वेग शिरला.

या एंजिनाचे दुखणे त्याच्या श्वासात आहे. सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत जाण्याच्या वाटा दोनच. दोन-दोन सिलिंडर एका नाकाने श्वास घेतात. जळलेला वायू बाहेर पडायला तीन वाटा, त्यांतली मधली पुन्हा सामाईक. तेव्हा हेड उतरवून त्या वाटा आतून घासून गुळगुळीत करायच्या, हेडचा तळ लेथवाल्याकडून थोडा छाटून घ्यायचा म्हणजे दाब वाढतो, धुराड्याचा पाइप मोकळा करायचा, असा हा उद्योग. आमच्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळी पेठ चाचा म्हणते, सुरुवातीलाच विचारले होते, “साहेब, घोडे वाढवताय, लगाम कुणाच्या हातात?” मी ते हसण्यावारी नेले.

त्या दिवसांतली सर्वांत गोड आठवण जोड कार्बोरेटरची आहे. या एसयू कार्बोरेटरमध्ये एक दट्ट्या हवेच्या ओढीने वर उठतो आणि आपल्याबरोबर एक निमुळती सुई उचलतो. सुई जितकी वर, तितके पेट्रोल जास्त. दट्ट्याने उगाच उड्या मारू नयेत म्हणून वरच्या नळीत थोडे तेल. बस्स, इतकेच यंत्र. पण असे दोन दट्टे एकाच मापाने उठले पाहिजेत. त्यासाठी रबराच्या नळीचे एक टोक कानात आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे. दोन्हीकडचा फुसफुसाट एकसारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहायचे. रविवारी सकाळी मी असा कानात नळी घालून वाकलेला असताना आमच्या हिने शेजारणीला सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे, “डॉक्टर व्हायचं राहून गेलं ना, म्हणून.”

गाडी बदलली, यात शंका नाही. पूर्वी चार हजार फेऱ्यांनंतर ती दमे, ती आता साडेपाच हजारांपर्यंत ओढू लागली. मामांना दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. २०१२ च्या ऑक्टोबरात त्यांना घेऊन वाईहून पसरणीचा घाट चढलो. ते तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. डोक्याला मफलर गुंडाळून ते वळणावळणाला एंजिनाचा आवाज ऐकत होते. पाचगणीला चहा घेताना म्हणाले, “चढतेय छान.” एवढेच.

उतरताना मी तिसऱ्या गिअरवरच होतो. चढावर आलेली धुंदी उतारावर उतरली नव्हती. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. जळक्या अस्तराचा वास आला, तो मला पुढच्या ट्रकचा वाटला. पुढच्या वळणावर पाय दाबला तर पेडल टणक, पण गाडी हटेना. त्यापुढच्या वळणावर पेडल मऊ लागले आणि थेट फळीला टेकले. खालून एस.टी. वर येत होती.

“पंप कर,” मामा म्हणाले. आवाज चहा मागितल्यासारखा. “दुसरा घाल.”

पहिल्या गिअरला या गाडीत सिंक्रोमेश नाही. उतारावर तो घालायला गेलो असतो तर गिअर सुटून गाडी न्यूट्रलमध्ये धावली असती. दुसरा पडला. एंजिन किंचाळले, काटा पाच हजारांशी गेला. एस.टी.ने कशीबशी जागा दिली. हातब्रेक ओढत ओढत मी गाडी डोंगराच्या अंगाला मुरमाच्या ढिगात घातली. वेग माणसाच्या धावण्याइतका उरला असेल. पण मामांनी पुढे हात टेकला होता. त्यांचे मनगट मोडले.

सहा आठवडे प्लास्टर होते. त्या दिवाळीत मामी माझ्याशी बोलल्या नाहीत. फराळाचे ताट माझ्यापुढे ठेवले आणि आत निघून गेल्या.

आता जे मला आधी कळायला हवे होते, ते सांगतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची उष्णता चौपट होते. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. ड्रम तापला की फुगतो, अस्तरापासून दूर जातो. अस्तरही तापले की पकड सोडते. पेडल टणक पण गाडी थांबत नाही, ती ही अवस्था. पेडल मऊ होणे हे निराळे दुखणे. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. ताजे डॉट तीन जातीचे तेल दोनशे पाच अंशांवर उकळते. पाणी प्यालेले एकशे चाळीसवरच. उकळले की वाफ, आणि वाफ दाबली जाते; दाब चाकापर्यंत पोचतच नाही. गाडीला ब्रेकची नळी एकच, चारही चाकांना मिळून. मी एंजिनावर वर्षभर खर्च केला आणि ते तेल किती वर्षांपूर्वी घातले होते, हे मला ठाऊकही नव्हते!

१९५९ साली कारखान्यानेच पुढच्या नमुन्याला, एमजीए सोळाशेला, पुढे डिस्क ब्रेक दिले होते. डिस्क फुगली तरी पट्ट्यांपासून दूर जात नाही, आणि वाऱ्यावर उघडी असल्याने लवकर निवते. त्या नमुन्याचे पुढचे हब, डिस्क आणि पकडी माझ्या साडूंनी इंग्लंडहून येताना सामानात आणल्या. आपल्या साड्या आणि अत्तरे त्यापायी तिकडेच राहिली, असे मेहुणी अजून सांगते. तेल आता मी दर दोन वर्षांनी, पाडव्याला बदलतो.

पण एंजिनाचे फेडणे राहिलेच होते. २०१३ साली खालून खोल टकटक येऊ लागली. चाचांनी एंजिन उतरवले, क्रँक काढला आणि मला बोलावून टॉर्च दाखवला. मधल्या मेन बेअरिंगला धरून ठेवणाऱ्या ओतीव भिंतीत केसाएवढी चीर होती. या एंजिनाचा क्रँक तीनच बेअरिंगांवर फिरतो; साडेपाच हजारांवर तो मधे लवतो, आणि तो भार त्या भिंतीवर येतो. लायनर ठोकून सिलिंडर वाचवता येतो, या भिंतीला औषध नाही.

इंग्लंडहून अख्खा ब्लॉक आणणे मला झेपणारे नव्हते. चाचा पान लावत म्हणाले, “तुमच्या मेमसाहेबाचं सख्खं भावंड इथंच स्टँडवर उभं असतं की.”

मी समजलो नाही. मग त्यांनी गल्लीतल्या ॲम्बॅसडरचे बॉनेट उघडून दाखवले. एक हजार चारशे एकोणनव्वद घन सेंटिमीटर! सिलिंडरचा व्यास तोच, धाव तीच. ॲम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि १९५९ पासून तिच्यात जे एंजिन आले ते याच घराण्यातले. फक्त तिला एकच कार्बोरेटर, दाब कमी आणि शक्ती पन्नास-पंचावन्न घोड्यांची. ज्या टॅक्सीत बसून मी लहानपणी लग्नांना गेलो, मांडीवर बहीण आणि पायांत लाडवांचा डबा, त्या टॅक्सीचे आणि ल मांच्या शर्यतीतल्या गाडीचे काळीज एकाच साच्यातले.

कुर्ल्याच्या भंगारबाजारात ब्लॉक मिळाला, तो २०१४ च्या उन्हाळ्यात. त्याच मे महिन्यात उत्तरपाड्याला ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. बातमी मी ब्लॉक रॉकेलने धूत असताना वाचली. हेड, कॅमशाफ्ट, फ्लायव्हील, मागची प्लेट आणि तेलाची परात जुन्या एंजिनाचीच लावली. हेड आता आणखी छाटले नाही.

जोडणी करण्याआधी मात्र मी मामांकडे गेलो. ब्लॉक बदलला की एंजिनाचा नंबर बदलतो. नंबर बदलला की मोटार अस्सल उरत नाही, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. गाडीची किंमत निम्म्यावर येईल, असे एकाने मला स्पष्ट सांगितले होते. मामांनी ऐकून घेतले. डाव्या हाताने उजवे मनगट चोळायची त्यांना तेव्हापासून सवय लागली होती.

“किंमत कुणाला द्यायचीय?” ते म्हणाले. “पण जुना ब्लॉक मोडीत घालू नकोस.”

नोंदणीपुस्तकात नवा नंबर चढवून घेतला. त्या फेऱ्यांची कथा वाचकांना वेगळी सांगायला नको. २०२१ साली पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी सरकारने निराळा नियम आणला. मूळ रूपात राखलेली, एंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार न झालेली गाडी तेवढी ‘व्हिंटेज’. तिला रोजच्या वापराला मनाई. मी अर्ज केला नाही. आमच्या गाडीत टॅक्सीचे काळीज आहे, आणि ती मंडईत जाते. तूर्त माझी लढाई पेट्रोलशी चालू आहे. वीस टक्के इथेनॉल आल्यापासून रबराच्या नळ्या दोनदा बदलल्या, आणि कार्बोरेटरच्या जेटभोवतीची बुचाची पॅकिंगे आता दरवर्षी पाहावी लागतात.

मामा २०१७ साली गेले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा पसरणीच्या घाटातून उतरवले होते, दुसऱ्या गिअरवर, ब्रेक न तापवता. त्या ढिगाच्या जागी आता कठडा आहे. त्यांनी तो बोटाने दाखवला आणि हसले. खाली वाईला मामी थांबल्या होत्या. त्यांनी आधी मामांचे हात पाहिले, मग मला विचारले, “जेवून निघालात का?”

जुना ब्लॉक आमच्या जिन्याखाली आहे. खंडेनवमीला ही पान्यांचा डबा, हातोडा आणि मोटार पुजते, तेव्हा झेंडूचे एक फूल जिन्याखालीही जाते. यंदा तिने त्याच्यावर हळदीकुंकू वाहिले आणि म्हणाली, “अहो, याला जरा तेल लावा. गंज धरलाय.”