संकटकाळातील नगरसभा आणि प्रेक्षकांचा सज्जा

सभेचे महत्त्व व्यापारी मनुष्यास वेगळे सांगावयास नको. हिशेब वाचले जातात, शंका विचारल्या जातात, इतिवृत्तावर सही होते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि चार माणसांनी एकत्र जमणेच निषिद्ध ठरले. मग सभा भरवावी कशी?

कंपन्यांपुरते उत्तर त्वरेने मिळाले. केंद्र सरकारच्या ८ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने विशेष सर्वसाधारण सभा व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्यास मुभा दिली. ५ मे रोजी ती वार्षिक सभांसही लागू झाली. नियम किती बारकाईचे होते पाहा! नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधीपासून प्रवेश खुला असावा, भागधारकास प्रश्न विचारता यावा, सभेचे मुद्रण जपून ठेवावे. मोठ्या कंपन्यांनी तर निदान १,००० सभासदांची सोय करावी.

नगरसंस्थांच्या बाबतीत मात्र अशी तत्परता दिसली नाही. महाराष्ट्रात ३ जुलै २०२० च्या परिपत्रकाने महापालिकांच्या सभा याच पद्धतीने घेण्यास सांगितले गेले. आवाज तुटतो, बोलू दिले जात नाही, अशी नगरसेवकांची तक्रार होती, आणि ती रास्तच होती. परंतु सज्जात बसून सभा ऐकणाऱ्या सामान्य नागरिकाचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः सभा जनतेस खुली असावी हे तत्त्व मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच आहे.

इंग्लंडमध्ये ४ एप्रिल २०२० पासून स्थानिक मंडळांस दूरस्थ सभांची परवानगी मिळाली, ती लोकांना सभा पाहता-ऐकता यावी या अटीवर. चेशायरमधील हँडफोर्थ या लहानशा गावातील डिसेंबर २०२० च्या सभेतील भांडण पुढे लक्षावधी लोकांनी पाहिले. हसू आले खरे. पण आपले प्रतिनिधी कसे वागतात हे गावाला कळले. ७ मे २०२१ रोजी ही परवानगी संपली. १९७२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांनी प्रत्यक्ष हजर राहिलेच पाहिजे, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने त्याआधी काही दिवसच दिला होता.

आता आपल्या बुऱ्हाणपुराकडे वळू. मध्य प्रदेशातील बहुतेक नगर निगमांची मुदत २०२० च्या आरंभी संपली आणि निवडणुका जुलै २०२२ पर्यंत लांबल्या. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता. दुकाने केव्हा उघडावी, संचारबंदी किती दिवस असावी, हे जिल्ह्याच्या ‘क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप’मध्ये ठरू लागले. अशा बैठकीस सज्जा नसतो. पेढीवर किंवा यंत्रमागावर ज्याचे पोट चाले त्याच्या हाती केवळ आदेश येई. त्यामागची चर्चा येत नसे.

दूरस्थ सभा हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे. ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही त्या मागवाल्यास ती बंद दारासारखीच. म्हणून निगमाच्या आवारात एखादा पडदा व ध्वनिक्षेपक लावणे अगत्याचे ठरते.

निवडून आलेले सभागृह २०२२ मध्ये परत आले. कंपन्यांच्या नियमांचा नमुना तयार आहे. कार्यसूचीबरोबर सभा पाहण्याची सोय जाहीर करावी, करदात्याचा प्रश्न लेखी स्वीकारावा, मुद्रण जतन करावे, आणि संकटकाळी बाजाराविषयी होणाऱ्या बैठकांसही हेच लागू असावे, अशी मागणी व्यापारी संघटनांनी निगमाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे शांततेच्या काळातच करून ठेवावी.