चार म्हणजे उफुन

पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यांत देशभरचे कामगार येतात. समजा, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोघं भेटले. एक मेळघाटातल्या धारणीचा कोरकू, दुसरा झारखंडचा संताळ. एकमेकांचं बोलणं त्यांना फारसं कळायचं नाही. पण बोटं मोजायला लावा! सहाला कोरकू म्हणेल तुरुय, संताळही तुरुयच. दहाला दोघांचंही गेल. चारला इकडे उफुन, तिकडे पोन. शेजारी व्हिएतनामी पाहुणा उभा असला, तर त्याचे चार म्हणजे बोन. कंबोडियातल्या ख्मेरमध्ये बुअन.

मेळघाटातली ही भाषा मराठीची बोली नव्हे. शेजारच्या गोंडीची बहीणही नव्हे, गोंडी द्राविडी. कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या मुंडा शाखेची. बहुतेक बहिणी छोटा नागपूर-ओडिशाकडे, ही मात्र दूर पश्चिमेला, सातपुड्यात. २०११ च्या जनगणनेत, मुवासी बोली धरून, तिचे भाषक सात लाखांहून जास्त भरले. त्यांतले बरेचसे मध्य प्रदेशातले.

'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसती 'माणसं'! दोनच असतील तर प्रत्यय 'किंग'. मराठीत नसलेलं द्विवचन इथे रोजच्या बोलण्यात आहे.

ही माणसं आली कुठून? कोरकूंची कथा अशी: महादेवानं वारुळाच्या तांबड्या मातीच्या दोन मूर्ती केल्या, पण इंद्राचे घोडे त्या तुडवून टाकत. मग त्यानं आधी कुत्रा घडवून राखणीला बसवला, तेव्हा कुठे मुला आणि मुलाई ही पहिली जोडी जिवंत झाली. (माणसाआधी कुत्रा, हे मला फार पटतं.)

१९०३ साली जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं कोरकूचं व्याकरण छापलं. इंग्रजी 'वी'वर वाढलेल्या माणसाला इथे चार 'आम्ही' भेटतात. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद आपल्याला नवा नाही: 'आपण' आणि 'आम्ही'. कोरकू त्यात दोघं की अनेक, हेही विचारते. प्रार्थनेत तर चुकून चालत नाही. 'आमच्यावर कृपा कर' म्हणताना देवाला त्या 'आम्ही'त ओढलं, तर त्यानं स्वतःवरच कृपा करायची! म्हणून देवापुढे नवरा-बायको दोघंच असतील तर 'आलिंज', आणि गाव जमलं असेल तर 'आले'.