तान्हेपणी दिलेलं औषध, मोठेपणी उरलेली भीती

सतत उदास किंवा घाबरलेल्या मोठ्या माणसांना डॉक्टर कधीकधी फ्लुओक्सेटिन नावाचं औषध देतात. काही आठवड्यांत पुष्कळांची भीती कमी होते. आता सांगा पाहू, हेच औषध उंदराच्या तान्ह्या पिल्लांना दिलं, तर मोठेपणी ती कशी होतील? धीट? छे, नेमकं उलट. भित्री!

हे कोडं आपल्याच मुंबईत उलगडलंय. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. विदिता वैद्य आणि त्यांचे विद्यार्थी भीतीचा नि उदासीचा अभ्यास करतात.

मेंदूतल्या पेशी रसायनांतून एकमेकींना निरोप देतात. सेरोटोनिन हे त्यातलंच एक. एक पेशी ते सोडते, दुसरी टिपते आणि उरलेलं पहिली परत आत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन हे परत ओढणंच अडवतं, म्हणून सेरोटोनिन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतं.

पण तान्ह्या मेंदूत सेरोटोनिनकडे निरोपांखेरीज बांधकामही असतं. पेशींची वाढ आणि जोडणी त्याच्या सांगण्यावरून होते. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात ओल्या शाडूवर बोट लागलं की खूण उमटते. वाळलेल्या मूर्तीवर नाही. तान्ह्या आणि मोठ्या मेंदूचंही तसंच.

डॉ. वैद्य यांच्या प्रयोगात उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर दुसऱ्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत औषध दिलं. (त्यांचे डोळेच मुळी दोन आठवड्यांनी उघडतात!) मग बंद. मोठी झाल्यावर त्यांना अधिकच्या चिन्हासारख्या उंच फळीवर सोडलं. दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतींच्या आडच राहतो. ही पिल्लंही तशीच वागली. औषध अंगातून केव्हाच गेलं होतं, भीती मात्र राहिली होती.

आता खरी गंमत. पेशी सेरोटोनिन टिपते ती 'ग्राही' नावाच्या रेणूंनी, आणि त्यांचे डझनाहून जास्त प्रकार असतात. मग यात हात कुणाचा? संशोधकांनी फ्लुओक्सेटिनसोबत '2ए' आणि '2सी' हे ग्राही बंद करणारं औषधही दिलं. ती पिल्लं भित्री झालीच नाहीत! मग उलट बाजूने तपासलं: फ्लुओक्सेटिन न देता फक्त हेच ग्राही चेतवले. पिल्लं भित्री झाली. केवढा पक्का पुरावा! 2014 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि 2022 साली डॉ. वैद्य यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

एक मात्र लक्षात ठेवा, दोस्तांनो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. घरात कुणी असं औषध घेत असेल, तर हा लेख वाचून त्यांना ते थांबवायला सांगू नका. ते फक्त डॉक्टरांनी ठरवायचं.