मनांतील कुटुंब

मन एक कीं अनेक? हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटतो. परंतु आपली रोजची भाषाच त्याचें उत्तर देत असते. पहांटे उठून अभ्यास करावयाचा असा निश्चय करून आपण निजतों, आणि पहांटे घड्याळाची घंटा वाजली म्हणजे तिचा गळा दाबून पुन्हां पांघरूण ओढून घेतों. मग दिवसभर स्वतःलाच दोष देत बसतों. ह्यांत निश्चय करणारा कोण, पांघरूण ओढणारा कोण, आणि दोष देणारा तरी कोण? ‘एक मन म्हणतें जावें, एक मन म्हणतें नको,’ ‘मनाची समजूत घातली,’ ‘माझें मन मला खातें,’ असे प्रयोग मराठींत पावलोपावलीं आढळतात. बोलणारा एक आणि ज्याच्याशीं बोलावयाचें तो दुसरा, असें मानल्यावांचून ह्यांतील एकाहि वाक्याचा अर्थ लागत नाहीं. समर्थ रामदासांनीं तर मनाला जणूं समोर बसवून २०५ श्लोकांचा उपदेश केला. कठोपनिषदांत बुद्धि हा सारथी, मन हा लगाम व इंद्रियें हे घोडे असें रूपक आहे. आणि ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यानेंहि जिवाला रथाचीच उपमा देऊन त्याचे दोन घोडे दोन दिशांना ओढतात असें वर्णिलें आहे.

ह्या पुरातन अनुभवावर अलीकडच्या काळांत मानसोपचाराची एक पद्धति उभारली गेली आहे. तिची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे. कारण परीक्षेच्या दिवसांत कित्येक मुलें अभ्यासानें जितकीं थकतात, त्याहून अधिक स्वतःशीं भांडून थकतात, हें शाळेंत वावरणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे.

ह्या पद्धतीचे जनक अमेरिकेंतील रिचर्ड श्वार्ट्झ हे होत. ते मूळचे कुटुंबोपचारक. म्हणजे एखाद्याच्या मानसिक दुखण्याचा विचार त्याच्या घरांतील सर्व माणसांच्या परस्परसंबंधांसह करणारे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते शिकागो येथें बुलिमिया ह्या विकारानें पीडलेल्या रुग्णांवर उपचार करीत होते. ह्या विकारांत रोगी एका बैठकीस भरमसाट खातो आणि मग लठ्ठ होण्याच्या भयानें खाल्लेलें ओकून टाकतो. घरांतील नातीं सुधारलीं, तरी कित्येकांचा विकार हटेना. तेव्हां श्वार्ट्झ यांनीं रुग्णांनाच विचारिलें, कीं असें करण्यापूर्वीं तुमच्या मनांत काय काय घडतें? माझा एक अंश मला सारखा हिणवतो, त्यामुळें दुसरा अगदीं एकाकी व हताश होतो, आणि तें दुःख बुडविण्यासाठीं तिसरा खात सुटतो, अशा अर्थाचें ते सांगूं लागले. घरांतल्या माणसांप्रमाणें हे अंशहि एकमेकांवर चिडतात, एकमेकांना सांवरतात, एकमेकांपासून लपतात, हें श्वार्ट्झ यांच्या ध्यानांत आलें.

आरंभीं त्यांनींहि, आपण सारे करतों तेंच केलें. हिणवणाऱ्या अंशाला गप्प बसविण्याचा व खादाड अंशाला धाकांत ठेवण्याचा त्यांनीं यत्न केला. परिणाम उलटा झाला. दडपलेला अंश अधिकच बळावला. पुढें विरोध सोडून, तूं असें कां करतोस, असें केवळ कुतूहलानें विचारून पाहिलें, तेव्हां दिसून आलें कीं हा अंश आपल्या परीनें त्या माणसाचें रक्षणच करीत आहे. त्याची रीत घातक असेल, पण हेतु वैराचा नाहीं. ह्या शोधावर आधारलेल्या पद्धतीस त्यांनीं ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, म्हणजे मनांतील कुटुंबव्यवस्था, असें नांव दिलें. त्यांचें तद्विषयक पुस्तक १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. २०२१ सालच्या त्यांच्या पुस्तकाचें ‘नो बॅड पार्ट्स’ हें नांवच ह्या पद्धतीचें सार सांगतें: मनाचा कोणताहि अंश मुळांत वाईट नाहीं.

हें अंतर्गत कुटुंब कसें असतें तें पाहूं. त्यांत तीन प्रकारचीं माणसें असतात, अशी कल्पना आहे. पहिले कारभारी. पुढें संकट येऊं नये म्हणून हे आधींच बंदोबस्त करतात. अभ्यास करवितात, नीटनेटकें राहावयास लावतात, आणि थोडी चूक होतांच कान उपटतात. दुसरे बंबवाले. आग लागली म्हणजे बंबवाला दार फुटलें कीं पाण्यानें सामान भिजलें ह्याचा विचार करीत नाहीं. त्याचप्रमाणें दुःख असह्य झालें कीं हे अंश कोणत्याहि उपायानें तें विझवूं पाहतात. संताप, अतिखाणें, व्यसन, रात्र रात्र मोबाईल पाहत बसणें, हे त्यांचे उपाय. तिसरे हद्दपार झालेले. हे बहुधा बालवयाचे असतात. कधीं काळीं झालेला अपमान, भीति वा पोरकेपणा ह्यांचें ओझें त्यांच्या डोक्यावर असतें, आणि त्यांचें रडें घरभर पसरूं नये म्हणून इतरांनीं त्यांना माजघराच्या मागल्या अंधाऱ्या खोलींत कोंडलेलें असतें. कारभारी आणि बंबवाले एकमेकांशीं कितीहि भांडले, तरी दोघेहि पहारा देतात तो त्या एकाच खोलीच्या दारावर.

एका काल्पनिक मुलीच्या उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. शालान्त परीक्षा जवळ आली आहे. गणिताचें पुस्तक उघडतांच तिच्या मनांत कोणी तरी खेंकसतें, ‘तूं मठ्ठ आहेस, ह्या वेळींहि नापास होणार!’ छाती धडधडते, आंकडे दिसेनासे होतात, आणि पांच मिनिटांत तिचा हात मोबाईलकडे जातो. मध्यरात्रीं भानावर येऊन ती रडते. आणि तोच खेंकसणारा आवाज पुन्हां म्हणतो, ‘सांगितलें नव्हतें?’ घरच्यांना ह्यांतलें फक्त मोबाईल पाहणें दिसतें, आणि तेवढ्यावरून ती आळशी ठरते.

आतां ही मुलगी ह्या पद्धतीच्या जाणत्या उपचारकाकडे गेली आहे असें समजूं. तो तिला उपदेश करणार नाहीं. ‘तो खेंकसणारा आवाज शरीरांत कोठें जाणवतो? त्याच्याकडे थोडें लक्ष द्या,’ असें तो म्हणेल. नंतर एक साधा पण फार मोलाचा प्रश्न विचारील: ‘त्या अंशाविषयीं तुम्हांला काय वाटतें?’ ‘मला त्याचा तिटकारा येतो,’ असें उत्तर आलें, तर उपचारक ओळखतो कीं हें बोलणारा आणखी एक निराळाच अंश आहे. त्यालाहि तो आदरानें थोडें बाजूला बसावयास सांगतो. असें करतां करतां एक क्षण असा येतो, कीं मुलगी म्हणते, ‘तो इतका कां ओरडतो, हें मला जाणून घ्यावेंसें वाटतें.’ तिटकारा जाऊन कुतूहल आलें. येथूनच खऱ्या उपचारास आरंभ होतो.

मग ती त्या अंशालाच विचारते, ‘तूं ओरडणें थांबविलेंस तर काय होईल, अशी तुला भीति वाटते?’ उत्तर येतें, ‘तूं बेसावध राहशील, आणि चौथींत फळ्यापुढें उभी असतांना सारा वर्ग हंसला, तसा पुन्हां हंसेल.’ ज्याला ती आजवर वैरी समजत होती, तो पहारेकरी निघाला! त्याच्या अनुमतीनेंच, कधींहि बळजबरीनें नव्हे, ती त्या कोंडलेल्या चौथींतल्या मुलीपर्यंत पोंचते. तिचें सर्व ऐकून घेते, तिला त्या वर्गांतून मनानें बाहेर काढते, आणि ‘मी मठ्ठ आहें’ हें इतकीं वर्षें वाहिलेलें ओझें पाण्यांत, वाऱ्यावर वा अग्नींत सोडून दिल्याची कल्पना करते. ह्याला ओझें उतरविणें म्हणतात. तें उतरलें म्हणजे पहारेकऱ्यालाहि ओरडण्याचें कारण उरत नाहीं. तो घराबाहेर घालविला जात नाहीं. त्याला नवें काम मिळतें. काल जो खेंकसत होता, तोच उद्यां ‘आज दोन उदाहरणें सोडवून ठेव’ असें शांतपणें सुचवूं लागतो. हें सारें एका बैठकींत उरकत नाहीं. त्यास पुष्कळदां महिनोन्महिने लागतात.

येथें कोणी विचारील, कीं सारेच जर अंश, तर ऐकून घेणारा कोण? श्वार्ट्झ यांच्या मतें ह्या सर्वांच्या मुळाशीं प्रत्येकाचा एक मूळ ‘मी’ असतो. शांतता, कुतूहल, स्पष्टता, करुणा, आत्मविश्वास, धैर्य, सर्जनशीलता व आपलेपणा ह्या आठ गुणांवरून तो ओळखावा. एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष असा असावा, कीं ज्याच्यापुढें धाकट्या सुनेसहि आपली तक्रार निर्भयपणें सांगतां येईल. असा कर्ता घरांत नसला म्हणजे जो तो कारभार हातीं घेतो आणि घराचा आखाडा होतो. आपल्या मनाची अवस्था पुष्कळदां अशीच असते. हा कर्ता बाहेरून आणावा लागत नाहीं. इतर अंश थोडे बाजूला सरले, कीं तो आपोआप प्रकट होतो, असें ह्या पद्धतीचें म्हणणें आहे. स्वतःला जाणणें म्हणजे स्वतःस शिक्षा ठोठावणें नव्हे, तर घरांतील प्रत्येकाचें म्हणणें ऐकणें होय.

तथापि कोणत्याहि औषधाची थोरवी सांगतांना त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ह्या पद्धतीचे शास्त्रीय प्रयोग अद्याप थोडे व लहान प्रमाणावर झाले आहेत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत संधिवाताच्या ७९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटास नऊ महिने हा उपचार दिला, व दुसऱ्यास रोगाविषयींची माहिती टपालानें पाठविली. उपचार संपून वर्ष झाल्यावरहि पहिल्या गटांत रुग्णांस जाणवणारी सांधेदुखी व मनाची खिन्नता कमी, आणि स्वतःविषयींची करुणा अधिक आढळली. परंतु चिंतेच्या बाबतींत तसा टिकाऊ फरक दिसला नाहीं. म्हणून ही पद्धति आशादायक आहे, रामबाण नव्हे, असेंच म्हणणें योग्य. शिवाय मनाचे ‘अंश’ हे समजून घेण्याचें एक साधन आहे. शवविच्छेदनांत सांपडणारे ते अवयव नव्हेत. ज्याला खरोखरच कानांत आवाज ऐकूं येतात, किंवा ज्याचें वास्तवाचें भान सुटतें, त्यानें प्रथम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. जुन्या खोल जखमा एकट्यानें उकरूं नयेत. आणि उपचारकानेंहि न घडलेल्या गोष्टींच्या आठवणी रुग्णास सुचवूं नयेत.

आणखी एक गैरसमज टाळावा. ‘माझ्या एका अंशानें केलें’ असें म्हणून कोणी अपराधांतून सुटत नाहीं. घरांतील मुलानें शेजाऱ्याची कांच फोडली, तर भरपाई घरच्या कर्त्यालाच करावी लागते. परंतु मूल कां चिडलें हें ज्यानें विचारलें, त्याच्या घरीं दुसऱ्यांदा कांच फुटण्याचा संभव कमी.

पालकांस आमची एक नम्र सूचना आहे. मुलांच्या मनांतील कारभारी जी भाषा बोलतो, ती तो पुष्कळदां आपल्याच तोंडून शिकलेला असतो. ‘तूं आळशीच आहेस’ ह्या वाक्यानें सबंध मुलावर शिक्का बसतो. ‘आज अभ्यासाला बसणें तुला जड कां जात आहे?’ ह्या प्रश्नानें एक दार उघडतें. आपला स्वतःचा राग तरी कोणत्या भीतीवर पहारा देत आहे, हेंहि कधीं शांतपणें पाहावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, आंतला आवाज तुम्हांला हिणवूं लागला, तर त्याच्याशीं लढूं नका आणि त्याच्यावर विश्वासहि ठेवूं नका. ‘तुला कशाची भीति वाटते?’ एवढें विचारा आणि उत्तराची वाट पाहा. दुःख पेलवेनासें झालें, तर तें आईवडिलांस, शिक्षकांस किंवा विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसास अवश्य सांगा. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा २०२२ सालापासून १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. मदत मागणें हा दुबळेपणा नव्हे. घरांतल्या कोंडलेल्या लेंकरासाठीं कर्त्यानें उचललेलें तें पहिलें पाऊल होय.