टेन्शन नाही, मग गोळी कशाला? ‘ताण’ या एका शब्दाचे अनेक अर्थ

‘मुलीचे लग्न झाले, मुलगा नोकरीला लागला, आता टेन्शन कसले? मग रक्तदाबाची गोळी तरी कशाला घ्यायची?’ असा प्रश्न आरोग्य केंद्राच्या रांगेत किंवा नातेवाइकांच्या गप्पांत अनेकदा कानी पडतो. उच्च रक्तदाबाला इंग्रजीत ‘हायपरटेन्शन’ म्हणतात आणि ‘टेन्शन’ हा शब्द मराठीत केव्हाच घरचा झाला आहे. टेन्शन वाढले म्हणजे हायपरटेन्शन आणि टेन्शन गेले म्हणजे आजारही गेला, असा हा हिशेब असतो. परंतु त्याची पहिलीच ओळ चुकलेली असते. ‘हायपरटेन्शन’मधील टेन्शन मनावरचे नव्हे. रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब टाकते, त्याला उद्देशून तो शब्द आला आहे. मन शांत असलेल्या माणसाचा रक्तदाबही वाढलेला असू शकतो आणि बहुतेकदा त्याची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. शब्दाच्या भरवशावर गोळी बंद करणारा माणूस पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका नकळत ओढवून घेतो.

एकाच शब्दाने इतका घोटाळा व्हावा, याचे कारण ‘स्ट्रेस’, ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ या शब्दांच्या प्रवासात आहे. भौतिकशास्त्र, शेती, वैद्यक आणि रोजचा व्यवहार अशा निरनिराळ्या क्षेत्रांत ते वावरतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ थोडा बदलतो.

ओढणे, आवळणे, ताणणे

‘ताण’ हा शब्द संस्कृतमधील ‘तन्’ म्हणजे पसरणे, ओढून लांबवणे या धातूशी नाते सांगतो. तंतू, गाण्यातील तान, मागावर उभा बसवलेला ताणा ही सारी त्याच कुळातील मंडळी. मराठीने या शब्दाला मनाच्या अवस्थेपुरते कधीच बांधून ठेवले नव्हते. दोरी ताणतात, वाद ताणतात, भुवया ताणतात. जेवून निवांत झोपणाऱ्याबद्दल तर ‘त्याने ताणून दिली’ असेच म्हणतात. एकाच क्रियापदात ओढाताणही आहे आणि विश्रांतीही.

इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ हा घट्ट आवळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दकुळातून आला. या एका शब्दासाठी मराठीला प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द वापरावे लागतात. उच्चारातील स्ट्रेस म्हणजे ‘आघात’, एखाद्या मुद्द्यावर दिलेला स्ट्रेस म्हणजे ‘भर’, अभियांत्रिकीतील स्ट्रेस म्हणजे ‘प्रतिबल’ आणि मनावरचा तो ‘ताण’. त्यामुळे मराठीत गोंधळ कमी व्हायला हवा होता. पण व्यवहारात सर्वांसाठी ‘टेन्शन’ हा एकच शब्द रुळला आणि भेद पुसट झाले.

अभियंत्याचे प्रतिबल

अभियंत्याच्या दृष्टीने प्रतिबल ही मोजता येणारी राशी आहे. एखाद्या वस्तूवर बाहेरून बल लावले की तिच्या आत त्याला तोंड देणारे बल निर्माण होते. दर एकक क्षेत्रफळामागे हे बल किती, ते म्हणजे प्रतिबल. शंभर किलोचे ओझे एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या सळईला टांगले आणि तेच ओझे दोन चौरस सेंटिमीटर छेदाच्या सळईला टांगले, तर दुसऱ्या सळईतील प्रतिबल निम्मे भरेल. ओझे तेच, पण पेलणारा रुंद. सळई मूळ लांबीच्या प्रमाणात किती वाढली, ही वेगळी राशी. तिला ‘विकृती’ म्हणतात. इंग्रजीत पहिली ‘स्ट्रेस’ आणि दुसरी ‘स्ट्रेन’.

ओढीच्या प्रमाणात स्प्रिंग लांबते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडला. प्रतिबलाची आजची गणिती कल्पना १८२०च्या दशकात फ्रेंच गणिती ऑग्युस्तँ कोशी याने दिली. एका मर्यादेपर्यंत ओझे काढताच वस्तू मूळ आकाराला येते. मर्यादा ओलांडली की आकार कायमचा बदलतो आणि अखेरीस वस्तू तुटते. मर्यादेच्या आतले ओझेही लाखो वेळा चढले-उतरले तर धातूत बारीक भेगा पडतात. याला अभियंते धातूचा ‘थकवा’ म्हणतात. माणसाच्या शरीराचा शब्द धातूला मिळाला आणि पुढे धातूचा शब्द माणसाला, अशी ही देवाणघेवाण आहे.

या शास्त्रात ताण म्हणजे संकट नव्हे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ओढ मात्र सोसत नाही. म्हणून पुलाच्या काँक्रीटमध्ये पोलादी तारा मुद्दाम ताणून बसवतात. त्या आखडू पाहतात आणि काँक्रीटला दाबून धरतात. याला पूर्वप्रतिबलित काँक्रीट म्हणतात. या तारांचे महत्त्व गोव्याने जवळून अनुभवले आहे. पणजीजवळचा मांडवीवरील जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत पूर्वप्रतिबलित तारांना लागणाऱ्या गंजाचा धोका समजावताना अभियंते आजही या पुलाचा दाखला देतात. तारांनी टिकवलेला ताण नाहीसा झाला की पूल उभा राहत नाही.

शेतकऱ्याने दिलेला ताण

मराठी शेतकरी ‘ताण’ हा शब्द फार पूर्वीपासून अचूक अर्थाने वापरत आला आहे. संत्री किंवा डाळिंबाच्या बागेत बहार धरायचा असेल, तर काही आठवडे पाणी तोडतात. याला ‘बागेला ताण देणे’ म्हणतात. पाने पिवळी पडतात, गळतात, झाडाची वाढ थांबते आणि अन्नसाठा फांद्यांत राहतो. मग खत घालून हळूहळू पाणी सुरू केले की झाड फुलांनी लगडते. हलक्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस लागतात. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. ताण किती, किती दिवस आणि कोणत्या जमिनीत, हे तिन्ही प्रश्न बागायतदार विचारतो.

गोव्याच्या खाजन शेतीत दुसऱ्या प्रकारचा ताण दिसतो, तो मिठाचा. खाऱ्या पाण्यामुळे जमिनीत ओल असूनही बहुतेक भातजातींच्या मुळांना ती शोषता येत नाही. ‘कोरगूट’सारखे पारंपरिक भात मात्र हा क्षारांचा ताण सोसते. ओझे तेच असले तरी पेलणारा कोण, यावर परिणाम ठरतो.

सेल्ये यांनी उसना घेतलेला शब्द

हा शब्द माणसाच्या आजारांशी जोडण्याचे श्रेय, किंवा दोष, हान्स सेल्ये यांच्याकडे जातो. १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले हे वैद्यकीय संशोधक पुढे कॅनडातील माँट्रियल येथे स्थायिक झाले. उंदरांवर प्रयोग करताना त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी काहीही वाट्याला आले तरी उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल होत. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी वाढत, थायमस ग्रंथी आक्रसत आणि जठरात व्रण पडत. १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण छोट्या टिपणात मांडले. त्यात ‘स्ट्रेस’ हे नाव नव्हते, ते त्यांनी नंतर दिले. शरीरावर कोणतीही मागणी आली असता ते देत असलेला सर्वसाधारण प्रतिसाद, ही त्यांची स्ट्रेसची व्याख्या.

म्हणजे सेल्ये यांचा ‘स्ट्रेस’ बाहेरच्या ओझ्याला उद्देशून नव्हता, तर ओझ्याने आत होणाऱ्या बदलाला उद्देशून होता. अभियंत्याच्या भाषेत तो ‘स्ट्रेन’ ठरला असता. आपले इंग्रजी तेव्हा अधिक चांगले असते तर आपण दुसरा शब्द निवडला असता, असे सेल्ये यांनी पुढे मान्य केले. अखेर बाहेरच्या कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ हा नवा शब्द घडवावा लागला. तोपर्यंत कारण आणि परिणाम दोन्ही एकाच नावाने ओळखले जाऊ लागले होते. ‘ऑफिसात फार स्ट्रेस आहे’ आणि ‘मला फार स्ट्रेस आला आहे’ ही दोन वाक्ये आजही आपण एकाच श्वासात बोलतो.

या संदिग्धतेचा लाभ घेणारेही होते. तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांमुळे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून, सेल्ये यांच्या संशोधनाला या उद्योगाकडून पैसा मिळत होता हे पुढे उघड झाले. हृदयविकाराचे खापर ‘ताणा’वर फुटले, तर सिगारेटवरचे लक्ष कमी होणार होते.

दवाखान्यातील निरनिराळे ‘स्ट्रेस’

डॉक्टरांच्या कागदावर ‘स्ट्रेस’ हा शब्द दिसला म्हणजे प्रत्येक वेळी मनाचा विषय असतो असे नाही. ‘स्ट्रेस टेस्ट’मध्ये रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयावर श्रमाचा भार टाकतात आणि त्याचा आलेख पाहतात. चिंतेची ती परीक्षा नव्हे. ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणजे वारंवार पडणाऱ्या भारामुळे हाडाला गेलेली बारीक भेग. धावपटूंत आणि जवानांत ती आढळते. धातूच्या थकव्याचाच हा भाऊबंद.

खोकताना, शिंकताना किंवा जड वस्तू उचलताना अनेक स्त्रियांना लघवीवर ताबा राहत नाही. त्याला इंग्रजीत ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. येथे स्ट्रेस म्हणजे पोटातून मूत्राशयावर येणारा दाब. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने हा त्रास होऊ शकतो आणि योग्य व्यायामाने तो बराच कमी होतो. नाव ऐकून ‘मी उगाच काळजी करते म्हणून असे होते’ अशी समजूत करून घेणारी स्त्री उपचारापासून दूर राहते आणि वर स्वतःलाच दोष देते.

मनाचा ताण खरा आहेच

याचा अर्थ मनाच्या ताणाचा शरीराशी संबंध नाही, असा मुळीच नाही. धोका जाणवताच अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, स्नायूंना अधिक रक्त मिळते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक साखरेचा पुरवठा वाढवते. प्रसंग टळला की शरीर पूर्ववत होते. ही अवस्था महिनोन् महिने उतरलीच नाही, तर झोप, पचन, रोगप्रतिकार आणि हृदय यांवर तिचा परिणाम होतो.

अतीव दुःखाचा घाव हृदयावर प्रत्यक्ष बसू शकतो, हे जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास वर्णन केलेल्या एका विकाराने दाखवले. मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि छातीत झटक्यासारखी वेदना होते. मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आढळत नाही. फुगलेल्या कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ हे त्या मडक्याचेच नाव मिळाले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. तपासणीआधी मात्र तो आणि हृदयविकाराचा झटका यांतला फरक कळत नाही. म्हणून छातीतील दुखण्याला घरच्या घरी ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देणे धोक्याचे.

उलट बाजूचे उदाहरण जठरातील व्रणाचे. अनेक दशके तो ताणाचा आणि तिखट खाण्याचा आजार समजला गेला. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात त्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवले. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला ऐकून घरी गेलेल्या असंख्य रुग्णांना खरे तर प्रतिजैविकांची गरज होती.

‘टेन्शन’च्या आड काय असते?

रोजच्या बोलण्यातील ‘टेन्शन’ याहून मोठे ओझे वाहते. परीक्षेची धाकधूक, कर्जाचा हप्ता, नवऱ्याचे दारूचे व्यसन, घरातील मारहाण, झोप न लागणे, कशातच मन न रमणे, हे सारे या एका शब्दात मावते. नैराश्याचा रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत क्वचितच येतो. ‘टेन्शन आहे, अंग दुखते, झोप नाही’ एवढेच तो सांगतो. ऐकणाऱ्याने त्यापुढचा प्रश्न विचारला, तरच मूळ दुखणे समोर येते. असे ऐकण्याचे काम प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशकही परिणामकारकपणे करू शकतात, हे गोव्यातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या अभ्यासातून दिसले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे अभियंत्याची आणि बागायतदाराची शिस्त उपयोगी पडते. ओझे कोणते आणि किती दिवसांचे? पेलणाऱ्याला आधार किती? शरीरात वा मनात नेमका बदल काय झाला? ओझे कामाच्या तासांचे असेल तर तास बदलायला हवेत. तेथे कर्मचाऱ्याला केवळ प्राणायाम शिकवून भागत नाही. आधार तुटला असेल तर माणसे जोडायला हवीत. उदासी, निद्रानाश किंवा जीव नकोसा होण्याचे विचार दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांकडे जायला हवे. जीव देण्याचा विचार मनात आला तर तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

रक्तदाबाच्या गोळीचे उत्तरही याच शिस्तीत मिळते. लग्न पार पडले, मनावरचे ओझे उतरले, ही आनंदाची गोष्ट. धमन्यांतील दाब उतरला की नाही, हे मात्र दंडाला पट्टा बांधून मोजल्यावरच कळते. आकडा चांगला आला तरी तो कदाचित गोळीमुळेच चांगला आलेला असतो. ती कमी करायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.