हाड नेमकं कुठून वाढतं?

‘लांब हाडं टोकांजवळ वाढतात’ हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, “हे कशावरून?” तर काय सांगाल?

आधी थोडी उजळणी करू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडं असतात. आकारावरून त्यांचे पाच प्रकार पडतात: लांब (मांडीचं हाड), आखूड (मनगटातली हाडं), चपटी (बरगड्या), अनियमित (मणके) आणि तिळासारखी (गुडघ्याची वाटी). हाडाला चिवटपणा येतो तो कोलॅजन या प्रथिनामुळे आणि कडकपणा येतो कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांमुळे. बाहेर घट्ट थर, आत जाळीदार भाग आणि लांब हाडाच्या मधल्या पोकळीत मज्जा, अशी ही रचना.

आता मूळ प्रश्न. शक्यता दोन आहेत. एक तर हाड रबरासारखं सगळीकडून ताणलं जात असेल, नाहीतर ठरावीक जागीच नवी भर पडत असेल. पण कातडीखालच्या हाडात हे तपासायचं कसं?

इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी यावर साधी युक्ती काढली. कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडावर अर्धा इंच अंतरावर त्यांनी दोन छिद्रं पाडली. दोन महिन्यांनी बघितलं, तर हाड इंचभर वाढलेलं, पण छिद्रांमधलं अंतर तेवढंच! १७२७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ताणलं जाण्याची शक्यता एका मोजपट्टीने निकालात निघाली.

मग जाडी कशी वाढते? १७३६ मध्ये जॉन बेल्चियर यांनी लिहिलं, की मंजिष्ठेच्या कुळातलं रंगाचं मूळ खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल होतात. पुढे फ्रान्सचे दुहामेल यांनी हाच रंग काही काळ देऊन, काही काळ थांबवून पाहिला, तर हाडात लाल-पांढरे थर दिसले. कारण रंग मुख्यतः नव्याने साचणाऱ्या हाडाला चढतो. म्हणजे हाड बाहेरून थर चढवत जातं. दुसरीकडे ऑस्टिओक्लास्ट पेशी त्याला आतून पोखरतात, म्हणून पोकळीही रुंदावते.

लांबीचं काम ग्रोथ प्लेट करते. टोकाजवळच्या या चकतीत कूर्चेच्या पेशी विभागतात, फुगतात आणि मग त्यांच्या जागी हाड तयार होतं. किशोरवय सरता सरता ही चकती बुजते आणि उंची थांबते.

गंमत म्हणजे दोन्ही टोकं सारखी वाढत नाहीत. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. त्यामुळे लहान मुलाला तिथे मार लागून चकती दुखावली, तर तो पाय आखूड राहू शकतो. उलट एक्स-रेमध्ये निरोगी चकतीसुद्धा काळ्या रेघेसारखी दिसते आणि नवख्या डोळ्यांना ती फ्रॅक्चर वाटते. ‘कुठून वाढतं’ हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही, तो असा.

आजही हाडाच्या वाढीचा वेग मोजायला टेट्रासायक्लिन दोनदा, मध्ये काही दिवस सोडून देतात आणि दोन चमकत्या रेघांमधलं अंतर मोजतात. कल्पना तीच जुनी: आधी खूण करा, मग थांबा, मग मोजा.

तुमच्या विषयात असं एखादं पाठ झालेलं वाक्य शोधा आणि स्वतःला विचारा: हे खोटं असतं, तर मला काय दिसलं असतं? तुमच्या प्रयोगाची आखणी तिथूनच सुरू होते.