मालकीचा प्रश्न आणि मक्तेदारीचा प्रश्न : भारतीय हवाई धोरणाची तीन दशके

संसदेने १९५३ साली केलेल्या कायद्यान्वये देशातील आठ खासगी विमान कंपन्यांचे विलीनीकरण होऊन देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ स्थापन झाले, परदेशी मार्गांची जबाबदारी एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली आणि नियमित हवाई प्रवासी सेवेवर सरकारची मक्तेदारी प्रस्थापित झाली. ही व्यवस्था चार दशके टिकली. १९८६ नंतर 'एअर टॅक्सी' योजनेखाली खासगी विमानांना भाड्याने प्रवासी नेण्याची मर्यादित मुभा मिळाली, तिच्याच आधारे नव्वदीच्या आरंभी ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट, सहारा, मोदीलुफ्त या कंपन्या पुढे आल्या, आणि १ मार्च १९९४ पासून १९५३ चा कायदा रद्द झाल्यामुळे त्यांना नियमित सेवेचा कायदेशीर दर्जा प्राप्त झाला. त्यानंतरच्या तीन दशकांत विमान कंपन्या आणि विमानतळ या दोन क्षेत्रांत शासनाने घेतलेले निर्णय शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांच्या क्रमातील एक मूलभूत विसंगती स्पष्ट होते: जेथे स्पर्धा शक्य होती तेथे मालकीवर कडक बंधने राहिली, आणि जेथे मक्तेदारी व्यवसायाच्या स्वरूपातच होती तेथे भांडवलाचा प्रवेश आधी व नियामकाची नेमणूक नंतर झाली.

विमान कंपन्यांमधील परकीय भांडवलाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. जेट एअरवेज १९९३ साली सुरू झाली तेव्हा तिच्या मूळ कंपनीत गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचा प्रत्येकी २० टक्के हिस्सा होता व त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. १९९७ च्या धोरणाने मात्र परकीय भागभांडवलाला ४० टक्क्यांपर्यंत परवानगी देतानाच परदेशी विमान कंपन्यांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष गुंतवणुकीची सरसकट बंदी केली, परिणामी या दोन्ही कंपन्यांना आपला हिस्सा विकून बाहेर पडावे लागले आणि टाटा समूहाने सिंगापूर एअरलाइन्सच्या साहाय्याने मांडलेला नव्या विमान कंपनीचा प्रस्तावही बारगळला. अनिवासी भारतीयांना याच क्षेत्रात १०० टक्के गुंतवणुकीची मुभा होती. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण यामागे दिले जात असले, तरी पैसा परदेशी असण्याला हरकत नाही, मात्र विमान चालवण्याचा अनुभव असलेल्या परदेशी संस्थेला हरकत आहे, असा अर्थ या नियमातून निघत होता. अल्प नफ्याच्या आणि अतिशय तांत्रिक अशा व्यवसायात अनुभवी भांडवलच बाहेर ठेवण्याची किंमत देशाने पुढील पंधरा वर्षे मोजली.

या बंधनाला २००४ च्या अखेरीस आणखी एकाची जोड मिळाली, आणि ते 'पाच-वीस नियम' म्हणून ओळखले जाते. देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण झालेल्या व ताफ्यात किमान वीस विमाने असलेल्या भारतीय कंपनीलाच परदेशी उड्डाणांची परवानगी मिळेल, असे त्याचे स्वरूप होते. आखाती देशांतील कंपन्यांना हा नियम लागू असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे दुबई किंवा अबुधाबीची नवी कंपनी मुंबईला येऊ शकत होती, पण मुंबईची नवी कंपनी दुबईला जाऊ शकत नव्हती. परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची अनुमती अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाली, त्याच सुमारास किंगफिशरची विमाने कायमची जमिनीवर आली होती. २०१३ साली अबुधाबीच्या एतिहादने जेटमधील २४ टक्के हिस्सा घेतला आणि त्यानंतर एअर एशिया इंडिया व विस्तारा या संयुक्त कंपन्या उभ्या राहिल्या. जून २०१६ च्या राष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक धोरणाने पाच वर्षांची अट काढली, वीस विमानांची किंवा एकूण क्षमतेच्या २० टक्क्यांची अट तेवढी ठेवली. त्याच महिन्यात परकीय गुंतवणुकीची मर्यादा १०० टक्क्यांवर गेली, मात्र परदेशी विमान कंपन्यांसाठी ४९ टक्क्यांची सीमा कायम राहिली. यासोबत 'भरीव मालकी व परिणामकारक नियंत्रण' ही अट चालत आली आहे, म्हणजे बहुसंख्य भागभांडवल भारतीयांकडे असणे आणि अध्यक्ष व दोन-तृतीयांश संचालक भारतीय नागरिक असणे. द्विपक्षीय हवाई करारांनुसार उड्डाणाचे हक्क राष्ट्रांना मिळतात, व एखादी कंपनी खरोखर त्या राष्ट्राची आहे का हे समोरचा देश तपासू शकतो, म्हणून या अटीला आधार आहे. तसा आधार १९९७ च्या बंदीला नव्हता.

विमानतळांच्या बाबतीत वाटचाल याच्या उलट झाली. विमानतळ ही स्वभावतः मक्तेदारी असते, कारण एका शहराच्या प्रवाशाला सहसा दुसरा पर्याय नसतो. अनिवासी भारतीयांच्या भांडवलासह केरळ शासनाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोचीच्या विमानतळाने १९९९ साली नवी वाट दाखवली, त्यानंतर विमानतळ प्राधिकरणाच्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन भाडेपट्ट्याने विमानतळ देणे शक्य झाले. २००६ साली दिल्लीचा विमानतळ जीएमआर गटाकडे आणि मुंबईचा जीव्हीके गटाकडे सोपवण्यात आला, प्राधिकरणाने दोन्ही कंपन्यांत २६ टक्के हिस्सा ठेवला आणि एकूण महसुलातील वाटा म्हणून दिल्लीत ४५.९९ टक्के व मुंबईत ३८.७ टक्के देण्याचे बोलीदारांनी मान्य केले. बोलीदार संघांत जर्मनीची फ्रापोर्ट, मलेशिया एअरपोर्ट्स, दक्षिण आफ्रिकेची सरकारी विमानतळ कंपनी असे परदेशी भागीदार होते. विमान कंपन्यांना निषिद्ध असलेला अनुभव येथे निविदेची पात्रता ठरला.

एवढे मोठे हस्तांतर झाले तेव्हा दर ठरवणारा स्वतंत्र नियामक मात्र अस्तित्वात नव्हता. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचा कायदा २००८ चा, आणि प्रत्यक्ष स्थापना मे २००९ मधील. दरम्यान खर्चातील तूट भरून काढण्यासाठी केंद्राच्या मंजुरीने दिल्ली व मुंबईत प्रवाशांकडून 'विकास शुल्क' आकारणे सुरू झाले, आणि नियामकाने दर न ठरवता केलेली ही वसुली कायद्याला धरून नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये दिला. नियामक आधी नेमला असता, तर प्रवाशांवरील हा भार निदान सुनावणीनंतर आला असता.

पुढच्या टप्प्यात बोलीचा निकषच बदलला. २०१९ मध्ये अहमदाबाद, जयपूर, लखनौ, मंगळुरू, तिरुवनंतपुरम व गुवाहाटी या सहा विमानतळांसाठी महसुलातील वाट्याऐवजी प्रतिप्रवासी शुल्काच्या बोली मागवण्यात आल्या; एका बोलीदाराला दोनपेक्षा अधिक विमानतळ देऊ नयेत, ही अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाची सूचना स्वीकारली गेली नाही आणि सहाही ठिकाणी अदानी समूहाची बोली सर्वोच्च ठरली. २०२१ साली मुंबई विमानतळाचे नियंत्रण जीव्हीकेकडून याच समूहाकडे गेले, त्याबरोबर नवी मुंबई प्रकल्पातील ७४ टक्के हिस्साही गेला, उरलेला २६ टक्के सिडकोकडे आहे. केंद्राने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. गावांचे स्थलांतर, खारफुटी व पर्यावरण मंजुरी आणि उलवे टेकडी कापण्याचे काम यांत मधली अठरा वर्षे गेली. दुसऱ्या विमानतळामुळे मुंबई महानगरात विमानतळांची स्पर्धा निर्माण होईल ही मूळ अपेक्षा होती, परंतु आज दोन्ही ठिकाणी बहुसंख्य मालकी एकच आहे.

लहान शहरांचा विचार या सगळ्यात सर्वांत उशिरा झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत सुमारे एका तासाच्या प्रवासाचे भाडे ठरावीक आसनांसाठी २,५०० रुपयांवर मर्यादित ठेवले गेले आणि कंपनीचा तोटा भरून काढणारे अनुदान, ज्याला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात, तीन वर्षांसाठी देण्यात आले. या निधीचा मोठा भाग प्रमुख मार्गांवरील उड्डाणांच्या अधिभारातून येतो. योजनेचा हेतू न्याय्य होता. तरीही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच विमाने सुरू झाली, त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांचा काळ पूर्ण केला आणि मार्च २०२३ पर्यंत ५४ मार्गच टिकून होते. महाराष्ट्राला हा अनुभव आधीपासून होता. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व यवतमाळ येथील विमानतळ २००९ साली ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे दिले होते, पण धावपट्टीवर नियमित विमान उतरेल याची हमी भाडेपट्ट्यात नसते. नांदेडहून हैदराबादची सेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली ती 'उडान'च्या अनुदानावर. बारामती, यवतमाळ आणि धाराशिवच्या वाट्याला तेव्हाही वेळापत्रकी प्रवासी सेवा आली नाही.